टिकारामची गडचांदणी

शहापूरच्या टिकारामचं नाक चेहऱ्याच्या मानानं जरा मोठंच होतं, आणि ही गोष्ट त्याला सांगितली नाही असा माणूस हमरस्त्यावरच्या त्या एवढ्या मोठ्या गावात एकही नव्हता. टिकारामला त्याचं काही वाटत नसे. न्हाव्याला वस्तरा असतो, तसं अत्तरवाल्याला नाक. ज्याचं त्याचं हत्यार.

बाप घाण्यावर जवस आणि तीळ गाळायचा. गावात तेलाची मशीन आली तसा घाण्याचा बैल दुसऱ्याच्या नांगराला गेला, आणि बाप ओट्यावर बसून मशीनच्या तेलाला नावं ठेवता ठेवता एक दिवस चूप झाला. मागं उरली माय गोदावरीबाई, रिकामा घाणा आणि तेलाचे काही डबे. टिकारामनं नागपूरहून मोगऱ्याचा वास आणून त्या तेलात घातला, डोक्याला लावायचं तेल म्हणून ते बाजारात नेलं, आणि बायांनी ते हातोहात उचललं. तिथून गडी तेलावरून अत्तरावर घसरला तो घसरलाच.

सत्तर-बहात्तरची ही गोष्ट. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत खण, खणाखणात इवल्याइवल्या शिश्या. आज शहापूरचा बाजार, उद्या भंडाऱ्याचा, परवा वरठीचा. कापसाचा फाया करायचा, अत्तरात बुडवायचा आणि गिऱ्हाइकाच्या कानात खोचायचा. "फाया फुकट, शिशी इकत" अशी त्याची आरोळी होती. व्हायचं असं की फाये सगळे जायचे आणि शिश्या तेवढ्याच राहायच्या. वरठी टेसनावरचे हमाल तर येता-जाता कान पुढे करायचे. "काल गुलाब झाला गा टिकाराम, आज खस खोच. बायको म्हनते रोज रोज गुलाब बरा नाही."

माल आणायला तो नागपूरच्या इतवारीत घनश्यामसेठकडे जायचा. सेठ म्हातारा, जाडजूड, आणि डोळे मिटूनच धंदा करणारा. एकदा टिकारामनं कमळाच्या अत्तराचा भाव विचारला आणि वर म्हणाला, "सेठ, आमच्याकडे तं तलावच्या तलाव कमळानं भरले हायेत. एवढं महाग काहून देता?"

सेठनं एक डोळा उघडला. "कमळाच्या शिशीत कमळ असते असं समजते का तू?"

"मंग काय असते?"

"दुसरेच वास असते. बेटा, सगळी फुलं दिलदार नसते. गुलाब देते, मोगरा देते. पर काही फुलं अशी कंजूस, का उकळ, पिळ, महिनाभर तेलात बुडवून ठेव, थेंब नाही देनार. मग कारीगर काय करते? डोळे मिटते, फूल आठवते, अन् दुसऱ्या वासांतून ते फूल बांधते. ओळखीच्या वासातून अनोळखी फूल. आमच्या धंद्यात त्याले मनातलं फूल म्हनते."

एवढं बोलून सेठनं उघडलेला डोळा मिटून घेतला. पण टिकारामचे दोन्ही डोळे त्या दिवशी जे उघडले ते वरठी येईपर्यंत मिटले नाहीत. गाडीत त्याला बसवेना. असलेलं फूल हाताशी नसताना बांधता येतं. मग मुळात नसलेलंच फूल बांधलं तर कोण हात धरतो? आणि त्याच्यात चुकायची भीती नाही. गुलाब चुकला तर लहान पोरही सांगेल. नसलेलं फूल चुकलं असं म्हणणारा कुठून आणणार?

घरी येऊन तो रिकाम्या घाण्यावर मांडी घालून बसला आणि आधी फूल डोळ्यांपुढे आणायला लागला. कुठं उगवतं? उंचावर, दगडाच्या चिरेत. कधी उमलतं? पावसाळा सरून धानात दाणा भरायला लागतो तेव्हा, दव पडल्यावर. आता अशा ठिकाणचा, अशा वेळचा वास कसा येईल? भिजल्या दगडाचा म्हणून त्यानं मातीचं अत्तर घेतलं. त्यावर मोगरा, पण लाजत लाजत. मग काकडी चिरल्यावर येतो तसा हिरवा गारवा हवा, म्हणून खस. आणि सगळ्याच्या खाली चिन्नोर तांदळाचा भात शिजताना झाकण उचललं की जी वाफ येते, ती. ती काही केल्या जमेना. हे घाल, ते घाल, नाक बधिर झालं. शेवटी केवड्याचा थेंब खशीत घालून त्यानं शिशी उन्हात ठेवली, आणि दोन दिवसांनी बूच काढलं तर घरात गोदावरीबाई चुलीकडे धावली.

"काय गा टिका, भात लागला का?"

चूल थंड होती. टिकारामनं मायला घाण्याभोवती एक गिरकी घालायला लावली, आणि ती बुढी ओरडत राहिली, "सोड रे मेल्या, वेडा झाला का?"

फुलाचं नाव त्यानं ठेवलं गडचांदणी. बाजारात पाटलाच्या सुनेनं, पुष्पाबाईनं, फाया हुंगला, पुन्हा हुंगला आणि विचारलं, "हे फूल असते कुठं?" टिकारामनं इतका विचार केला होता, पण एवढ्याच प्रश्नाची तयारी केली नव्हती. उंच, दगड, चिरा... तोंडातून निघून गेलं, "आंबागडाच्या किल्ल्यावर." आंबागड तिकडे तुमसरच्या पल्याड. शहापूरच्या बाजारातलं कोण कशाला तिथं चढून बघतंय? टिकाराम स्वतःही कधी गेला नव्हता.

अत्तर मात्र पळायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा फाये उरले आणि शिश्या संपल्या. टिकाराम सायकलवर बसून गाणी म्हणत जायचा आणि रस्त्यावरच्या बैलांनाही रामराम घालायचा.

एक गोष्ट तो साफ विसरला होता. गोदावरीबाईची सख्खी बहीण शकुनबाई आंबागडलाच दिली होती.

शकुनमावशी दिवाळीला येऊन गेली, जाताना मायनं कौतुकानं दिलेली शिशी घेऊन गेली, आणि संक्रांत सरत नाही तोच पुन्हा दारात उभी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"टिक्या, तुयं तं नशीब उघडलं रे. आता सांग, तू आमच्या गडावर कधी चढला?"

टिकारामच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. "काहून मावशी?"

"काहून काय? मी फाया कानात घालून विहिरीवर गेली. बायांनी घेरलं. कायचा वास वो शकुनबाई? मी म्हटलं, आपल्याच गडावरची गडचांदनी. सगळ्या एकमेकीकडे पाहून राहिल्या. मंग कुंताबाई म्हनते, हो वो, मी लहानपनी पाह्यली होती. तिनं पाह्यली म्हटल्यावर बाकीच्या काय आंधळ्या हायेत? सगळ्यांनीच पाह्यली. आता आमच्या भय्याजीले तं तू जानत नाहीस."

"कोन भय्याजी?"

"तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी हाये. पानं तोडून आनली का मोजून घेते तो. पन चालते असा, का डोंगर याच्याच बापानं रचला. गडावरचं कोनतं झाड कोनत्या दगडामागं, पुसा त्याले. तं चावडीवर कोनीतरी पुसलं, भय्याजी, शहापूरचा पोट्टा गडचांदनीचं अत्तर इकते, तुमी पाह्यली का गडचांदनी? आता तो नाही म्हनन का? म्हनला, अरे, मी तं दरसाल पाहतो. तुमाले सांगितलं नाही, तुमी तोडून नासवाल म्हनून."

टिकारामला हसू यायला लागलं आणि घामही.

"अन् तेव्हापासून," मावशी म्हणाली, "एकच घोकत बसला हाये. जे फूल माझ्याशिवाय कोनाले दिसलं नाही ते या पोट्ट्यानं हुडकलं, म्हंजे पोट्टा कामाचा हाये. माझी सत्यवती याच घरी देतो. चाल, कपडे धू. पोरगी पाहायले बोलावलं हाये."

पोरगी पाहायला टिकाराम गेला तो मनात ठरवून. चहा प्यायचा, मान डोलवायची, जमत नाही म्हणून निरोप धाडायचा आणि आंबागडकडे पुन्हा फिरकायचं नाही. भय्याजी दारातच भेटला. उंच, काटक, मिशा पिळलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून डोंगराकडे बघायची सवय. त्यानं टिकारामची पाठ अशी थोपटली की फाया कानातून उडाला.

मग सत्यवती चिवड्याची ताटली घेऊन आली. टिकारामनं मान वर केली नाही, रीतीप्रमाणे. पण नाकाला कसली रीत? तिच्या हातांना तेंदूपानाचा सुका, तुरट वास होता, लुगड्याला धुराचा, आणि त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, चारोळी फोडल्यावर येतं तसं, पण तेही नाही. टिकाराम ते ओळखायच्या नादात ताटलीच्या मागे मागे वाकत गेला. ताटली खाली ठेवून ती सरळ झाली, तरी हा वाकलेलाच.

"पाव्हण्याचं काही हरवलं का?" सत्यवती म्हणाली.

माजघरात बाया खिदळल्या. टिकारामनं वर पाहिलं. ती हसत नव्हती, पण हसू गालात दाबून ठेवल्याचं दिसत होतं. निरोप धाडायचा विचार तिथल्या तिथे विरघळून गेला. चिवडा खाल्ला की नाही ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. मावशी सांगायची, मिरच्यासुद्धा खाल्ल्या.

"आता गडावर जाऊ," भय्याजी म्हणाला. "पाव्हण्याले गडचांदनीची जागा मालूमच हाये. पन आपन दोघं मिळून पाहू."

दोघं कसले, अर्धं गाव निघालं. पुढं भय्याजी, त्याच्यामागं आंबागडचे केशवराव पाटील काठी टेकत, मग माणसं, मग बाया, आणि बायांत सत्यवती पाण्याची घागर घेऊन. टिकाराम पहिल्यांदाच तो डोंगर चढत होता आणि तो पहिल्यांदाच चढतोय हे कळू नये म्हणून भय्याजीच्या पावलावर पाऊल टाकत होता. दरवाजाशी आल्यावर एकानं बुरुजाखाली बोट दाखवलं, "हितंच उमलते." दुसरा म्हणाला, "छा, टाक्यापाशी उमलते." केशवराव पाटलांनी काठी तिसरीकडेच रोखली. भय्याजी सगळ्यांना एकाच वाक्यात उडवत होता, "तुमी पाह्यली ती पिल्लं. मोठं झाड माझ्या ध्यानात हाये." मग टिकारामकडे वळून म्हणाला, "काहून पाव्हणे, बरोबर नं?"

"तुमच्यापुढं मी काय सांगू, मामाजी," टिकाराम म्हणाला. त्या दिवसातलं तोवरचं एवढंच वाक्य त्याचं खरं होतं.

या दिवसांत ते उमलतच नाही यावर शेवटी एकमत झालं आणि मंडळी सावलीला बसली. टिकाराम पाण्याच्या टाक्याकडे गेला. सत्यवती तिथं घागर बुडवत होती. बाकीच्या बाया मुद्दाम लांब रेंगाळल्या होत्या.

"मी एवढीशी होती तवापासून हा डोंगर फिरून राहिली," ती पाण्याकडे बघतच म्हणाली. "मोहफुलं वेचली, चारोळी वेचली, पानं तोडली. बाबा खालून मोजतात, वर आम्ही चढतो. हितं तुमची गडचांदनी नाही."

टिकाराम टाक्याच्या काठावर बसला. "नाही."

"मंग?"

मग त्यानं सगळं सांगितलं. सेठचा एक डोळा, दगडाची चीर, काकडीचा गारवा, मायनं चुलीकडे मारलेली धाव. सांगताना तो रंगात आला, हातवारे करायला लागला, आणि सत्यवतीची घागर भरून वाहायला लागली तरी तिनं वर काढली नाही.

"बांधलं मस्त," ती म्हणाली. "वास मलेबी आवडला. तुमीबी काही वाईट नाही. पन मले खोटं बोलनाऱ्याच्या घरी जायचं नाही. साक्षगंधाच्या दिवशी कपाळाले गंध लागायच्या अगोदर, चारचौघांत, तोंडानं सांगा का हे फूल नाही म्हनून. नाही सांगितलं तं मी पाटावर बसत नाही. मंग बाबा किती ओरडले तरी."

"तूच सांग ना तुझ्या बाबाले."

"मी कायले सांगू? ज्यानं लावलं त्यानं उपटावं."

एवढं बोलून तिनं घागर डोक्यावर घेतली आणि निघून गेली. टिकारामला वाटलं, बस, हीच. सोपं काम आहे. खरं बोलायचं आणि बायको मिळवायची. जगात इतकं स्वस्त काहीच नसतं.

उतरताना भय्याजीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "पाव्हणे, तुमाले एक सांगतो. तुमसरच्या बाजारात एक शहाना भेटला. म्हनते, भय्याजी, असं फूल नसतेच. मी त्याले म्हटलं, आजपासून तुयं तोंड पाहनार नाही. ज्या डोंगरावर मी जन्म घालवला त्याच्यावर मी पाह्यलं म्हनतो, अन् तू नाही म्हनतो? जो मानूस म्हनन गडचांदनी नाही, त्याचा अन् माझ्या घराचा संबंध संपला. मंग तो कोनी का असेना."

टिकारामचा पाय घसरला. चार पायऱ्या बसूनच उतरला.

साक्षगंधाची तारीख ठरली आणि टिकारामचं डोकं घाण्यासारखं फिरायला लागलं. फूल नाही म्हणावं तर भय्याजी खोटा पडतो आणि पोरगी जाते. चूप राहावं तर पोरगी पाटावर बसत नाही आणि पोरगी जाते. गोदावरीबाईनं तोडगा सुचवला, "अर्धं सांग." अर्धं म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं. बाजारात तो गुलाबाच्या शिशीवर खस म्हणून बूच लावू लागला. वरठीच्या हमालांनी मात्र त्याची अवस्था अचूक ओळखली. "पोट्टा लग्नाचा झाला," ते म्हणाले, आणि त्याच्याच कानात त्याचाच फाया खोचला.

साक्षगंधाला भय्याजीच्या अंगणात मांडव पडला. शेणानं सारवलेलं अंगण, तांदळाचा चौक, दोन पाट, पंचमंडळी सतरंजीवर. कुंताबाई सहाणेवर चंदन उगाळत होती आणि उगाळता उगाळता त्यात गडचांदणीचे थेंब घालत होती. "आपल्या गडाचं, आपल्याच पोरीले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. टिकाराम पाटावर बसला. समोरचा पाट रिकामा. सत्यवती माजघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं उंबरा ओलांडला नाही.

"पोरीले आना," केशवराव पाटील म्हणाले.

"येते, येते," सत्यवती दारातूनच म्हणाली आणि टिकारामकडे बघत राहिली.

कुंताबाईनं गंधाची वाटी उचलली. बोट बुडवलं. बोट कपाळाकडे यायला लागलं आणि टिकाराम पाटावरून असा उठला की वाटी कुंताबाईच्या मांडीत गेली.

"मंडळी," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं एका दमात बाहेर आलं. "त्या शिशीत गडचांदनी नाही. मोगरा हाये, खस हाये, केवडा हाये, मातीचं अत्तर हाये. मी घरी घान्यावर बसून ते फूल मनानंच बांधलं. पोरगी पाहायले आलो त्याच्या अगोदर मी या गडावर पाय ठेवला नव्हता. असं फूल नाही. मी खोटं बोललो."

गोदावरीबाईनं पदर तोंडात कोंबला. भय्याजीच्या मिशा आधी हलल्या, मग थांबल्या. त्याचा चेहरा पळसासारखा पेटला.

टिकारामनं आपली टोपी चाचपली. आता जायचंच होतं.

"नाही कशी?" कुंताबाई मांडीवरचं गंध पुसत म्हणाली. "मी पाह्यली नं."

"तेच म्हनतो मी," मागून कुणीतरी म्हणालं. "मीबी पाह्यलो. सोता पाह्यलो."

केशवराव पाटलांनी काठी आपटली. "थांबा. गोंधळ नको. का गा, तू म्हनतो शिशीत फूल नाही. ठीक हाये, शिशी तुयी, तुले मालूम. पन तू म्हनतो गडावर फूल नाही. हे तुले कोनी सांगितलं?"

टिकाराम गोंधळला. "पन पाटील, ते तं मीच..."

"गडाच्या मागच्या अंगानं गेला होता का?"

"नाही."

"खालच्या दरीत उतरला होता?"

"नाही."

"एकदा चढला, तोबी उतरताना बसून उतरला, आम्ही पाह्यलं. अन् डोंगराची झडती घेतल्यावानी सांगते का फूल नाही म्हनून."

मांडव हसायला लागला. टिकारामला रडावं की हसावं कळेना. "पन पाटील, नाव तं मी ठेवलं त्याचं," तो कळवळून म्हणाला.

"लेकराचं नाव आत्या ठेवते. म्हनून लेकरू आत्याचं होते का?"

पंचांनी माना डोलवल्या. आणि मग भय्याजी उठला. टिकारामच्या समोर आला, डोक्यावरून डोंगराकडे पाहिलं, आणि सावकाश बोलायला लागला.

"मले पयल्या दिवसापासून शंका होती. म्हटलं, हा वास आपल्या गडचांदनीचा नाही. असली गडचांदनी एवढी गोड नसते. याच्यात मोगरा लगित झाला."

"अन् खस कमी," कुंताबाई म्हणाली.

"खस नाही वो, असलीले करवंदीच्या फुलावानी वास असते."

"करवंदीवानी? पावसानं धुतलेल्या हिरड्यावानी असते. तुया नाकाले काय झालं?"

बघता बघता मांडवात भांडण जुंपलं. खऱ्या गडचांदणीचा वास कसा, यावर प्रत्येक जण छातीठोक बोलत होता, आणि प्रत्येक जण डोंगरावरची एकेक खरी गोष्ट सांगत होता. कुणी कुड्याची साल, कुणी ओल्या शेवाळाचं टाकं, कुणी उन्हात तापलेला बुरुज. टिकाराम पाटापाशी उभा राहून डोळे मिटून ऐकत होता. आपलं लग्न मोडतंय की जमतंय हेही तो क्षणभर विसरला. अरे, शेवाळ. शेवाळ कसं सुचलं नाही आपल्याला?

"चूप," भय्याजी गरजला. "याले शिक्षा पायजे. आमच्या खऱ्या फुलाच्या नावावर नकली अत्तर इकलं यानं."

"इकलं, मामाजी," टिकाराम म्हणाला.

"तं आता दरसाल धान भरायच्या दिवसांत हितं यायचं. माझ्यासंगं गड चढायचा. मागचं अंग, दरी, सगळं. फूल दिसेपर्यंत सुटका नाही."

"येतो."

"अन् नकलीले नकली म्हनूनच इकायचं."

"इकतो."

भय्याजीनं मिशीवरून हात फिरवला. "बाकी पोट्टा खरा हाये. गंध लागायच्या अगोदर बोलला. नंतर बोलला असता तं मी काय करनार होतो?"

पंचांत कुणीतरी म्हणालं, पोरीला तर विचारा. विचारायची गरज नव्हती. सत्यवतीनं उंबरा ओलांडला होता. ती येऊन पाटावर बसली. मान खाली, रीतीप्रमाणे, पण खांदे हसण्यानं असे गदगदत होते की कुंताबाईला गंध लावता येईना. पहिलं बोट कपाळाला न लागता नाकाच्या शेंड्याला लागलं.

"आपल्याच पोरीले नाक मोठं पायजे आता," कुंताबाई म्हणाली, "तिकडे जाऊन राहिली."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. टिकारामनं दिलेला शब्द पाळला. बाजारात तो आता आरोळी द्यायचा, "नसलेल्या फुलाचं अत्तर, कुठंच मिळनार नाही असं फूल", आणि लोक थांबून विचारायचे, नसलेलं म्हणजे कसं, मग हुंगायचे, मग घ्यायचे. सत्यवती घाण्यावर शेजारी बसून शिश्या भरायची आणि तिला तिच्या डोंगरावरचे वास आठवतील तसतशी शहापूरच्या त्या घरात नवनवी फुलं जन्माला यायची. शेवाळावर त्यानं एक फूल बांधलं. एक तापलेल्या बुरुजावर. वरठीला पोलादाचा कारखाना आला तेव्हा मोटारसायकलीवरचे कामगार सुटी झाल्यावर रांगेनं थांबायला लागले. अंगाचा लोखंडाचा वास घरी जायच्या आत जावा म्हणून. सत्यवती त्यांना विचारायची, "घरी वाट पाहून राहिली का कोनी?" आणि उत्तर बघून शिशी निवडायची.

आणि दरसाल धानात दाणा भरला की दोघं आंबागडला जायची. भय्याजी त्यांना मागच्या अंगानं चढवायचा, दरीत उतरवायचा, आणि दरसाल कुठल्यातरी दगडाशी थांबून म्हणायचा, "काल हितंच होतं गा. रात्री वारा सुटला."

पंच्याऐंशी की शहाऐंशी साल असेल, भय्याजीचे गुडघे गेले. त्या वर्षी तो चढलाच नाही. गडाच्या पायथ्याशी खाट टाकून त्यावर बसला आणि दोघांना वर पिटाळलं. "नीट पाहा. मी हितं हाये."

दोघं वर गेली, टाक्यापाशी बसली, घरून आणलेली भाकर खाल्ली, आणि खाली आली. भय्याजी लांबूनच त्यांच्या तोंडाकडे बघत होता. टिकारामनं अंग चोरलं. त्याला खोटं बोलायची मनाई होती आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघून खरं बोलवेना.

"दिसलं का?" भय्याजीनं विचारलं.

"दिसलं बाबा," सत्यवती म्हणाली.

टिकारामनं बायकोकडे पाहिलं. याच बाईनं त्याला भरल्या मांडवात पाटावरून उठवलं होतं. ती शांतपणे बापाच्या पायांवरची गोधडी सारखी करत होती.

"कोनत्या रंगाचं?"

"पिवळं," सत्यवती म्हणाली, आणि त्याच क्षणी टिकारामच्या तोंडून निघालं, "जांभळं."

भय्याजीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. खाटेवर सरकून त्यानं जावयाला बसायला जागा केली.

"जोडीनं उमलते ते," तो म्हणाला. "एकट्यानं गेलं तं एकच दिसते."